बोटभर पाय

टक्.

दुपारच्या अडीचच्या शांततेत फरशीवर काहीतरी पडलं. आवाज शर्टाचं बटण पडावं एवढाच. पण ती शांतता काही आयती मिळालेली नव्हती. तिच्यासाठी तीन गोष्टी सांगून झाल्या होत्या, दोनदा पाणी, एकदा शू, आणि वर बाहुलीलाही थोपटून झालं होतं, कारण बाहुली जागी असताना भिंगरी झोपत नाही असा त्या घरातला कायदा होता. आतल्या खोलीत सासूबाईंचं घोरणं छान लयीत लागलं होतं. आणि जेवणाच्या टेबलावर, जुन्या चादरीच्या तुकड्यावर, डॉल्फिनचा डावा हात पेराला पेर लावून वाळत पडला होता.

हात म्हणजे हातच. बाहेरून वल्ह्यासारखा दिसतो, पण कातडी उतरवली की आत मनगट, तळवा आणि पाच बोटं निघतात, लहान मुलाच्या लोकरी मोज्यात निघावीत तशी. तीसेक लहानमोठी हाडं, त्यातली काही मुगाएवढी. ती जोडणं हे भिंगरीच्या आईचं काम. संग्रहालयात तिला सगळे ‘हाडवाली’ म्हणत, आणि हे नाव तिला तिच्या खऱ्या नावाहून जास्त आवडे, कारण ते तिने कमावलेलं होतं.

टक्. पुन्हा.

तिने डिंकाची काडी खाली ठेवली आणि टेबलाखाली वाकून पाहिलं. भिंगरी मांडी घालून बसली होती. समोर बाहुली, शेजारी उघडी काडेपेटी, आणि हातात दोन पांढरी, बारीक, किंचित बाक असलेली हाडं. एकाने बाहुलीला भरवणं चाललं होतं, दुसऱ्याने स्वतःला.

हाडवालीच्या काळजाचं पाणी झालं. पण सासूबाई उठल्या असत्या, म्हणून ती ओरडलीसुद्धा कुजबुजत. “ठेव! आधी खाली ठेव! तोंडात घातलंस?”

“चमचे आहेत,” भिंगरीही कुजबुजली. “एक हिचा, एक माझा. खोटं खोटं खातोय.”

तिने दोन्ही हाडं उजेडात धरून पाहिली. टवका उडाला नव्हता, चीर गेली नव्हती. करंगळीएवढी, सुतळीहून थोडी जाड अशी ती हाडं साडेचार वर्षांच्या मुलीच्या हातून दोनदा फरशीवर पडून धड राहिली होती. माणसांच्या वस्तू एवढ्या टिकत नाहीत.

“हे चमचे नाहीत, राणी.”

“मग काय आहे?”

“डॉल्फिनचे पाय. म्हणजे पायांचं जे उरलंय ते. पाय जिथून सुरू होतात ना, ते कमरेचं हाड.”

भिंगरीने आईकडे पाहिलं. मोठी माणसं थापा मारताना कशी दिसतात ते ती गेलं वर्षभर अभ्यासत होती. “डॉल्फिनला पाय नसतात.”

“आमच्या साहेबांचंही अगदी हेच म्हणणं आहे,” हाडवाली म्हणाली. “आणि ते तर तुझ्याहून पन्नास वर्षांनी मोठे आहेत.”

साहेब म्हणजे संग्रहालयाचे संचालक. लोक त्यांना पाठीमागे ‘फीतवाले साहेब’ म्हणत. गेल्या चार वर्षांत त्यांनी संग्रहालयात काय भर घातली, तर फितींची. पाण्याचा नळ दुरुस्त झाला, फीत कापली. जिन्याला कठडा लागला, फीत कापली. पक्ष्यांच्या दालनात कसर लागून दोन घुबडं झडून गेली, तेव्हाही त्या रिकाम्या कपाटाचं ‘नवीन मांडणी’ म्हणून उद्घाटन झालं आणि घुबडांच्या जागी कुंड्या आल्या. प्राण्यांविषयी साहेबांना मनापासून आदर होता, फक्त तो जरा लांबून होता.

भिंगरी व्हायच्या आधी हाडवाली तिथे चार वर्षं नोकरीला होती. मूल झालं, रजा संपली, मुलीचा दमा सुरू झाला, रजा वाढली, आणि मग साहेबांचं पत्र आलं की जागा रिकामी ठेवता येत नाही. जागा भरलीही. कुंड्यांना पाणी घालणारा साहेबांचा कुणी नातलग त्या जागेवर बसला. तीन वर्षं त्याने एकही हाड जोडलं नाही, हे त्याचे उपकारच. मग किनाऱ्यावर ही डॉल्फिन मरून लागली, वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, सांगाडा उभा करण्याचं साहेबांनी पत्रकारांना सांगून टाकलं, आणि मगच त्यांना आठवलं की हाडं कुंडीत लावून उगवत नाहीत. तेव्हा हाडवालीला बोलावणं गेलं. कामापुरतं. काम नीट झालं तर कायमची नेमणूक, असं साहेब म्हणाले, आणि तेव्हापासून ते दर वाक्यात एकदा ती नेमणूक दाखवून परत खिशात ठेवत.

तिला ती नेमणूक हवी होती. खोटं कशाला बोला. टेबलावरचं ताट सरकवून काम करायचं आणि काम सरकवून ताट वाढायचं, याला ती कंटाळली होती. तिला दार असलेली खोली हवी होती, हाडं भिजवायचे हौद हवे होते, आणि ‘ही सध्या घरीच असते’ या ओळखीतून सुटका हवी होती.

मांस उतरवायच्या दिवशी ती हजर होती. साहेबही होते, म्हणजे तीस पावलांवर, वाऱ्याच्या उलट बाजूला, नाकाला रुमाल लावून. फोटो निघेपर्यंत थांबले आणि गेले. काम करायला एक खाटीक बोलावला होता, हाताचा अगदी साफ माणूस. बरगड्या, पाठीचे मणके, डोकं, सगळं त्याने सुटं करून दिलं. शेपटीच्या मुळाजवळचा मांसाचा मोठा गोळा तो टोपलीत टाकायला निघाला तेव्हा तिने त्याला थांबवलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

“काय शोधता, ताई?”

“कमरेची हाडं.”

“कणा तर सगळा निघाला. कण्याला चिकटलेलं काही राहिलं नाही.”

“कण्याला चिकटलेली नसतातच ती. मांसात तरंगत असतात.”

“जे कशालाच जोडलेलं नाही ते हाड कसलं?” खाटीक म्हणाला. पण तो सुरी खाली ठेवून बघत राहिला, कारण कामाचा माणूस दुसऱ्याचं काम ओळखतो. या हाडांची गंमतच ही आहे. ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाताला ती लागत नाहीत, आणि जगातले कितीतरी सांगाडे त्यांच्याशिवायच उभे असतील, कारण टोपलीत काय गेलं हे कुणी विचारत नाही. तिने डोळे मिटून बोटांनी चाचपलं. मऊ, मऊ, मऊ, आणि मग एकाएकी काडीसारखं कठीण. आधी एक, मग पलीकडे दुसरं. बाहेर काढण्याआधी तिने दोरी लावून कण्यापासूनचं अंतर घेतलं आणि दोरीला गाठी मारल्या. ती गाठींची दोरी अजून तिच्या पर्समध्ये होती, भिंगरीच्या औषधाच्या पंपाशेजारी.

“पण पाय कुठे गेले?” टेबलाखालून भिंगरीने विचारलं. झोप आता गेलीच होती.

हाडवालीही टेबलाखाली जाऊन बसली. “फार फार पूर्वी हिची आजी जमिनीवर राहायची. चार पाय होते तिला, शेपूट होती, केस होते. पाण्याच्या काठाने हिंडायची.”

“हिची आजी?”

“आजीची आजी. तिची आजी. तिची आजी. असं तू झोप येईपर्यंत म्हणत राहिलीस तरी पुरणार नाही, इतक्या मागची आजी.”

“माझं नाव कशाला मध्ये घेताय?” आतून घोरणं थांबवून सासूबाई म्हणाल्या.

“तुमचं नाही हो, डॉल्फिनच्या आजीचं चाललंय.”

“मग ठीक आहे,” म्हणून घोरणं पुन्हा सुरू झालं.

“ती पाण्यात शिरायला लागली,” हाडवाली हळू आवाजात सांगू लागली. “खायला पाण्यात, लपायला पाण्यात. मग तिची पिल्लं, त्यांची पिल्लं, जास्त जास्त पाण्यातच राहायला लागली. पुढचे पाय वल्ही झाले. नाक सरकत सरकत डोक्यावर गेलं. मागचे पाय पोहताना मध्येच यायचे. ज्यांचे लहान होते त्या पिल्लांना पोहणं सोपं पडायचं. असं होता होता एवढेसे झाले.” तिने काडेपेटी दाखवली. “पण पाठ मात्र जमिनीवरचीच राहिली. कुत्रा जोरात पळतो तेव्हा त्याची पाठ कशी वरखाली होते? ही तशीच पोहते. शेपटी वरखाली. मासा डावीउजवीकडे हलवतो.”

या शेपटीवरून तर केवढं रामायण झालं होतं. साहेबांना शेपटी बाजूला वळवलेली हवी होती. “जरा लचक दिसते हो. मासा कसा सुळकन वळतो!” मासा वळतो, साहेब, ही मासा नाही, हे तिने तीन वेळा सांगितलं. हिला फुप्फुसं आहेत, हिचं रक्त गरम आहे, ही पिल्लाला दूध पाजते आणि तेही पाण्याखाली, हिचे मणके बाजूला एवढे वळतच नाहीत. साहेब हसून म्हणाले, “तुम्ही फार खोलात जाता.” शेवटी सांगाड्याचा लाकडी चौथरा बनवणाऱ्या सुतारकाकांनी टेप लावून गंभीर चेहऱ्याने सांगितलं की शेपटी बाजूला वळवली तर समोर फीत बांधायला जागा उरणार नाही. तत्क्षणी शेपटी वरखाली झाली. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीला जे साहेबांपुढे सिद्ध करता आलं नाही, ते फितीने केलं.

कमरेच्या हाडांचं मात्र जमत नव्हतं. कारण माहितीपत्रक आधीच छापून झालं होतं. गुळगुळीत कागद, दोन हजार प्रती, पहिल्या पानावर साहेबांचा फोटो, दुसऱ्यावर डॉल्फिनचा, पहिल्याहून लहान. आणि त्यात साहेबांनी स्वतः लिहिलेलं वाक्य: ‘मागील पायांचा लवलेशही उरलेला नाही, कारण निसर्ग निरुपयोगी गोष्ट कधीही सांभाळत नाही.’

“साहेब, लवलेश आहे,” ती काडेपेटी पुढे करून म्हणाली होती. “हा बघा.”

साहेबांनी काडेपेटीकडे न बघता घड्याळाकडे पाहिलं. “दोन काड्यांसाठी मी दोन हजार प्रती रद्दीत घालू?”

“आणि त्या निरुपयोगीही नाहीत. चालायच्या कामातून सुटल्या तरी दुसऱ्या कामाला लागल्यात. पिल्लू जन्मतं त्या वाटेभोवतीचे स्नायू याच हाडांना धरून असतात.”

साहेब कानापर्यंत लाल झाले. “अहो, शाळेची मुलं येणार आहेत!”

“मुलंही त्याच वाटेने आलीत, साहेब.”

“खणात ठेवा त्या,” साहेब म्हणाले. “आणि शुक्रवारी उद्घाटनाला मी तुमच्या नेमणुकीच्या पत्रावर सही करणार आहे, हे लक्षात असू द्या. समारंभातच देईन, टाळ्यांमध्ये. सांगाडा नीट उभा राहिला की.”

खण म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलाचा तिसरा खण. त्यात तुटक्या पाट्या, सुकलेल्या शाईच्या बाटल्या आणि झडलेल्या घुबडांचे काचेचे डोळे होते. त्यात गेलेलं काही परत आल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. म्हणून तिने काडेपेटी पर्समध्ये टाकून घरी आणली होती. तीन आठवडे हा वाद चालला होता, आणि ती अजून ठरवू शकली नव्हती. खण की सांगाडा. दार असलेली खोली की दोन काड्या.

“मग तिला परत देणार ना?” भिंगरी म्हणाली.

“काय?”

“तिचे पाय. तिचे आहेत तर तिला द्यायचे. मी शेजारच्या छायाची पेन्सिल दिली की नाही परत? तूच द्यायला लावलीस.”

मुलं अशी कोंडीत पकडतात. वकिली शिकलेल्या माणसालाही इतकं साधं जमत नाही. “देणार,” हाडवाली म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण शब्द दिला आहे.

गुरुवारी दुपारी दालनात ती आणि सुतारकाका दोघंच होते. सांगाडा चौथऱ्यावर चढला होता. कण्यातून सळई, मणक्यांच्या मध्ये बुचाच्या चकत्या, बरगड्यांना तार, आणि शेपटी वरखाली. तिने गाठींची दोरी काढली, कमरेचे मणके संपतात आणि शेपटीचे सुरू होतात तिथे लावली, आणि बारीक पारदर्शक दोऱ्याने दोन्ही हाडं बरोबर त्या जागी टांगली. ती कशालाच टेकली नव्हती. वारा आला की किंचित झुलत.

सुतारकाका शिडी धरून उभे होते. “पोरी, हे साहेबांना विचारून?”

“साहेबांना दाखवून. तीन आठवडे.”

“म्हणजे विचारून नाही.”

“काका, तुम्ही टेप खोटी वाचलीत तेव्हा कुणाला विचारलंत?”

“मी लाकडाचा माणूस आहे. माझं कुणी काही बिघडवत नाही,” ते म्हणाले. “तुझं पत्र त्याच्या खिशात आहे.” पण शिडी त्यांनी सोडली नाही.

शुक्रवारी भिंगरीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, कारण सासूबाईंनाही यायचं होतं. “रोज ज्याच्या नावाने बोटं मोडतेस तो प्राणी मला बघायचाय,” असं त्या म्हणाल्या. तिघी मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. समोर शाळेची तीस मुलं, प्रत्येकाच्या हातात गुळगुळीत माहितीपत्रक, त्यातल्या निम्म्यांची एव्हाना विमानं झालेली. मधल्या खुर्चीवर प्रमुख पाहुणे होते. ते कुठल्या खात्याचे ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं, पण त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते. डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवते आणि अर्धा जागा ठेवते, एक डोळा मिटते आणि दुसऱ्याने पाहत राहते. मूल झालेल्या कुठल्याही बाईला यात नवल वाटणार नाही. पाहुण्यांनी मात्र दोन्ही अर्धे झोपवले होते.

साहेब नव्या कोटात होते. छातीच्या खिशातून लिफाफ्याचा कोपरा डोकावत होता. येता येता त्यांनी हाडवालीकडे पाहून त्या कोपऱ्यावर दोन बोटं टेकवली होती.

भाषण झालं. निसर्ग, समतोल, आमचं संग्रहालय, मी. मग साहेब सांगाड्याकडे वळले, हात पसरला, आणि थबकले. खिडकीतून आलेल्या उजेडात दोन पांढऱ्या काड्या झुलत होत्या.

हाडवालीला वाटलं, आता चिडणार. आता सगळ्यांसमोर विचारणार, मी काय सांगितलं होतं?

साहेब चिडले नाहीत. ते हसले. “बघा! सजावटवाल्यांचं काहीतरी लटकत राहिलंय,” ते म्हणाले, आणि झटका देऊन एक काडी दोऱ्यासकट ओढून काढली, मग दुसरी, आणि दोन्ही सहज छातीच्या खिशात टाकल्या. मुलं हसली.

तिला आधी कळेचना. मग कळलं, आणि रागाच्याही आधी तिला थक्क व्हायला झालं. या माणसाने ओळखलीच नव्हती ती हाडं! ज्यांच्यावरून तीन आठवडे वाद घातला, ज्यांच्यासाठी वाक्य बदलायला नकार दिला, ती त्याने एकदाही पाहिली नव्हती. काडेपेटी उघडून दोन क्षण आत डोकावण्याचेही कष्ट घेतले नव्हते. डोळे होते, उत्तम चष्मा होता, पण वापर नव्हता. तेही कधीतरी जातील, तिच्या मनात आलं, पिढ्यांनंतर त्याच्या वंशात नुसत्या दोन खाचा उरतील आणि कुणीतरी पाटी लावेल.

“अहो काका!” भिंगरी ओरडली. दालन घुमलं. “ते तिचे पाय आहेत! तिचे पाय खिशात टाकले!”

हशा पिकला. पाहुणे दचकून जागे झाले. “काय म्हणते मुलगी?”

“कल्पनाशक्ती,” साहेब कौतुकाने म्हणाले. “लहान मुलं म्हटली की... कुणाची आहे?”

सगळी डोकी मागे वळली.

आता खरं तर फार सोपं होतं. पोरीच्या तोंडावर हात ठेवायचा, एक ‘श्श’ म्हणायचं, ओशाळं हसायचं. लिफाफा त्याच खिशात होता, हाडांच्या शेजारी. संध्याकाळपर्यंत तो तिच्या पर्समध्ये आला असता. हाडं कधीतरी मागून घेता आली असती, कधीतरी टांगता आली असती. भिंगरी हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती, थापा ओळखायच्या त्या नजरेने.

“माझी आहे,” हाडवाली म्हणाली. “आणि ती बरोबर सांगतेय.”

हशा थांबला.

“ती या डॉल्फिनच्या कमरेची हाडं आहेत. तिच्या पूर्वजांना मागचे पाय होते, त्यातलं एवढंच उरलंय. कण्याला जोडलेली नसतात, म्हणून दोऱ्याने टांगली होती. माहितीपत्रकात चूक आहे.”

“एवढीशी?” पाहुणे आता खरोखर जागे झाले होते. “मग उपयोग काय त्यांचा?”

“पिल्लू जन्मायच्या वाटेचे स्नायू त्यांना बांधलेले असतात. चालणं सुटलं, ते काम राहिलं.”

साहेबांनी छताकडे पाहिलं. मुलांना काहीच वाटलं नाही. मोजे घातलेल्या एका मुलाने फक्त विचारलं, “खरे आहेत? हात लावू?”

“नंतर, सगळ्यांनी,” हाडवाली म्हणाली, आणि गर्दीतून वाट काढत पुढे जाऊन तिने साहेबांसमोर हात पसरला. साहेब हलले नाहीत.

“द्या की हो तिचं तिला,” मागून सासूबाईंचा आवाज आला. भाजीवाल्याशी बोलायचा आवाज होता तो, आणि त्यापुढे आजवर कुणी टिकलं नव्हतं.

साहेबांनी खिशात दोन बोटं घातली. आधी लिफाफाच बाहेर आला, मग रुमाल, मग हाडं. हाडं त्यांनी तिच्या तळव्यावर ठेवली. रुमालाने कपाळ पुसलं. लिफाफ्याकडे क्षणभर पाहिलं, आणि तो नीट घडी मोडणार नाही असा कोटाच्या आतल्या खिशात सरकवला. एवढंच. एक शब्द नाही. साहेबांनी आयुष्यात इतकं स्पष्ट भाषण कधी केलं नसेल.

सुतारकाकांनी न सांगता शिडी आणली. ती वर चढली. पहिली गाठ दोनदा सुटली. तीस मुलं शिडीभोवती माना वर करून उभी होती, पाहुणेही खुर्ची सोडून आले होते, आणि फीत तशीच राहिली. कापली की नाही ते नंतर कुणाला आठवेना.

घरी येताना सासूबाई रस्ताभर बोलत होत्या. “एवढा मोठा कोट, आणि आत माणूस केवढासा! तू त्याला घाबरत होतीस? मला वाटलं होतं कुणी असेल.” मग म्हणाल्या, “पत्र गेलं ना?”

“गेलं.”

“हं,” सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातातली पिशवी काढून स्वतःकडे घेतली.

घरी टेबल मोकळं होतं. चादरीचा तुकडा नव्हता, हात नव्हता, डिंक नव्हता. कितीतरी महिन्यांनी त्यावर नुसतं दुपारचं ऊन पडलं होतं. हाडवालीने कुणी न सांगताच फडकं घेतलं आणि ते पुसायला लागली. स्वच्छच होतं ते. तरी पुसत राहिली.

भिंगरी टेबलाखाली जाऊन बसली होती. रिकामी काडेपेटी उघडायची, मिटायची, उघडायची. बाहुली शेजारी आडवी होती.

“आई.”

“काय गं?”

“ती पाण्यात गेली. मग सगळं पोहायचं पोहायचं झालं, आणि पाय गेले.”

“हो.”

“हळूहळू गेले. तिला कळलं पण नाही.”

“हो, राणी. कळलं नसेल.”

काडेपेटी उघडली. मिटली. भिंगरीने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं आणि आईच्या हातातल्या फडक्याकडे, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं.

“आणि तिला परत बाहेर यायचं असलं तर?”